स्क्रीनवर आलेले मोड

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात पंचवीस वर्षं स्टीलच्या टाक्या बनत होत्या. खोकल्याच्या औषधाच्या, सरबताच्या, टोमॅटो सॉसच्या. टाकीला डोकं नसतं, ते बसवायचं काम माझं. तापमान मोजणारे सेन्सर, पंप चालू-बंद करणारं पॅनेल, आणि समोर एक स्क्रीन. शेठ साधा माणूस होता. टाकी गळली नाही की तो खूश. मग शेठांचा मुलगा परदेशातून शिकून आला आणि आमच्या गाळ्यात पहिल्यांदा बीन बॅग आली.

या मुलाला मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पाहिलेलं. माझ्या टेबलाखाली बसून वायरचे तुकडे गोळा करायचा. आता तो मला ‘मॅडम’ म्हणायला लागला आणि मी त्याला ‘सर’ म्हणायचं असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पहिल्याच मीटिंगमध्ये सरांनी जाहीर केलं की टाक्यांचे दिवस गेले. आता माल्ट.

बार्ली भिजवायची, तिला मोड आणायचे, आणि मोड ऐन भरात आले की गरम हवेने वाळवून त्यांना तिथेच थांबवायचं, की झालं माल्ट. बीअर बनवणाऱ्यांना तो लागतो, बिस्किटवाल्यांना लागतो, पोरांच्या दुधात घालायची पावडर बनवणाऱ्यांना लागतो. मोठ्या कारखान्यांत भिजवायच्या टाक्या वेगळ्या, मोड आणायची लांबलचक दालनं वेगळी, वाळवायची भट्टी वेगळी. सरांचं म्हणणं असं, की छोट्या गिऱ्हाइकाला एवढा पसारा कशाला? एकच आडवा ड्रम. त्यातच दोन दिवस भिजवा, त्यातच चार दिवस मोड आणा, त्यातच वाळवा.

हे मी बोरिवलीला घरी जाऊन सांगितलं, तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

“म्हणजे मटकी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं की पाणी पंधरा-सोळा डिग्रीच लागतं, मध्ये मध्ये ते काढून दाण्यांना श्वास घेऊ द्यावा लागतो, खालून थंड दमट हवा सोडावी लागते, मुळं एकमेकांत अडकून गादी होऊ नये म्हणून ड्रम हळूहळू फिरवत राहावा लागतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हो, म्हणजे मटकीच,” त्या म्हणाल्या. “फक्त कंटाळवाणी.”

खोटं कशाला बोलू, ड्रम देखणा झाला होता. टेम्पोएवढा, चकाचक, आत जाळीचा तळ, बाजूला पंखा आणि हवा थंड करणारा चिलर, आणि एका अंगाला मूठभर दाणे काढून बघायची छोटी खिडकी. पंधरा मिनिटांत एक फेरा, इतक्या सावकाश फिरायचा की बघणाऱ्याला वाटावं बंदच आहे.

अडचण एवढीच की आमच्यापैकी कोणाला बार्लीतलं काही कळत नव्हतं. म्हणून शेठांनी एका सद्गृहस्थांना बोलावलं. उत्तरेकडच्या एका माल्टच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. निवृत्त होऊन घाटकोपरला मुलीकडे राहत होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. आठवड्यातून तीनदा यायचे, इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्वतःचा थर्मास. आमच्या गाळ्यातला चहा त्यांनी एकदाच प्यायला होता आणि त्यावर एक शब्दही बोलले नव्हते.

मास्तरांनी मला हाताला धरून शिकवलं. दाणा नखाने चिरून आतला कोंब कुठवर आलाय ते बघायचं. मोड आलेला दाणा दोन बोटांत चुरडायचा, खडूसारखा पसरला तर काम झालं, रबरासारखा लोळला तर अजून थांबायचं. आणि शेवटी वास. मूठभर दाणे नाकाशी धरून ते डोळे मिटायचे. गाळ्यातले वेल्डरसुद्धा हातातलं काम थांबवून बघायचे.

“काकडी,” मास्तर म्हणायचे.

चांगले मोड आले की बार्लीला ताज्या काकडीचा वास येतो, हे खरंच आहे. सरांनी त्या डोळे मिटलेल्या मुद्रेचा फोटो काढून कंपनीच्या माहितीपत्रकावर टाकला. खाली लिहिलं, ‘परंपरेचं नाक, उद्याचं तंत्रज्ञान’. मास्तरांनी माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं. मुलीला दाखवायला, असं म्हणाले.

तर नाक झालं. आता तंत्रज्ञान हवं होतं. एक दिवस सर माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, स्क्रीनवर सगळं आहे, पण मोड किती टक्के आले तो आकडाच नाहीये.”

“त्याचा सेन्सर नाही, सर. शंभर दाणे काढायचे, किती फुटलेत ते मोजायचं. माणसालाच करावं लागतं.”

“गिऱ्हाईक दाणे मोजत बसणार? मोजायचंच असेल तर मग आमचा ड्रम कशाला घेईल तो?” ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले. “किती तास झाले ते आपल्याला माहितीये, तापमान माहितीये. त्यावरून काढता येईल ना काहीतरी?”

काहीतरी काय, सगळंच काढता येतं. दोन दिवसांत मी एक सूत्र बसवलं. जसजसे तास जातील तसतसा आकडा चढत जाईल. पहिल्या दिवशी पाच, मग वीस, पन्नास, सत्तर, आणि चौथ्या दिवसअखेर शहाण्णव. शंभर ठेवला नाही, कारण शंभरवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात मी ‘अंदाजे’ असं लिहिलं होतं. सर म्हणाले की त्या शब्दाने स्क्रीन मळकट दिसतेय. मी तो शब्द काढला. आकड्याला मस्त हिरवा रंग दिला. तो मात्र त्यांनी सांगितला नव्हता, तो माझा स्वतःचा उत्साह.

मग डेमोची तारीख ठरली. पवईहून एक बाई येणार होत्या, स्वतःची छोटी ब्रुअरी चालवणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा भागीदार. त्यांना ड्रम आवडला तर ती आमची पहिली ऑर्डर असणार होती. सरांनी त्या दिवसासाठी खास बार्ली मागवली, नुकतीच शेतातून कापलेली. पोत्यांवर मळणीचा महिनासुद्धा छापलेला. गाळ्याच्या दाराशी बॅनर लागला, ‘शेतातून थेट ड्रममध्ये’.

आता जे मला नंतर कळलं ते इथेच सांगते. कापल्यावर बार्ली झोपते. निदान काही आठवडे तिला स्वस्थ पडू द्यावं लागतं, त्याआधी कितीही पाणी पाजा, ती उठत नाही. हे माल्टच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तर त्या आठवड्यात नातवाच्या मुंजीत होते. ते परत आले तेव्हा निम्मी पोती रिकामी होऊन बार्ली पाण्यात पडलेली.

“माल जुना आहे ना?” त्यांनी विचारलं.

“एकदम ए-वन माल आहे, सर,” आमचे सर म्हणाले. मास्तरांना ते सर म्हणायचे. वयाला मान द्यायचे, फक्त प्रश्नाला उत्तर द्यायचे नाहीत.

भिजवण झाली, पाणी काढलं, थंड हवा सुरू झाली. स्क्रीनवर पाच टक्के दिसले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की चिलर जवळजवळ चालतच नाहीये. मोड येताना दाणे स्वतःची ऊब सोडतात, ती काढायला चिलर सारखा धावावा लागतो, असं मास्तरांनीच मला शिकवलेलं. म्हणजे चिलर बसून आहे तर आत कोणी जिवंत नाही, एवढं सरळ होतं ते. मी काय केलं? मी सरांना सांगितलं की विजेचा खप अपेक्षेपेक्षा फार कमी आहे. सर इतके खूश झाले की त्यांनी डेमोच्या स्लाइडमध्ये ते घातलं.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून मूठभर दाणे काढले. थोड्यांना पांढरं टोक दिसत होतं, बाकीचे ओले आणि गुळगुळीत. वासही मला काहीतरी वेगळा वाटला, डब्यात विसरलेल्या इडलीच्या पिठासारखा. मी मूठ तशीच मास्तरांकडे नेली.

त्यांनी नाकाशी धरली. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

“काकडी,” ते म्हणाले. “थोडा उशीर आहे, येतील.”

मी स्क्रीनकडे बघितलं. हिरव्या अक्षरात सत्तर. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. तो आकडा मी स्वतः बसवला होता, कशावरून बसवला होता ते मला पाठ होतं, आणि तरी मी त्याच्याकडे बघून म्हटलं, चला, सत्तर टक्के आहेत म्हणजे काळजी नाही.

डेमोच्या दिवशी सकाळी साडेनऊला बाजूच्या गाळ्यातल्या मावशी दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या गाळ्यात अगरबत्त्यांचं पॅकिंग चालतं, हाताखाली पंधरा बायका. मावशी मालवणकडच्या. पदराने नाक दाबून आल्या होत्या.

“काय गो बाये, तुमच्या गाळ्यात काय मेलाहा काय?”

“नाही हो मावशी, माल्ट आहे.”

“मॉल असो नायतर माल्ट असो, माझ्या पोरींका मळमळाक लागलां. आमच्या चंदनावर चढता हा तुमचो वास.”

सर मागून आले. हसून त्यांना म्हणाले की हा माल्टचा नॅचरल अरोमा आहे, परदेशात लोक यासाठी टूर काढतात. मावशींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तकडचे लोक काय्येक करतत,” म्हणाल्या, आणि गेल्या.

अकरा वाजता पवईच्या बाई आल्या. चाळिशीच्या, आखूड केस, जीन्सवर खादीचा कुर्ता. भागीदार उंच, गप्प. सरांनी अर्धा तास स्लाइड दाखवल्या. वीज वाचते ती स्लाइड त्यांनी दोनदा दाखवली. मास्तर पहिल्या रांगेत, म्हणजे प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते. मग सर स्क्रीनकडे वळले. तिथे हिरवंगार शहाण्णव.

“शहाण्णव टक्के,” सर म्हणाले, “आणि एकाही माणसाने हात लावलेला नाही.”

“उघडा ना,” बाई म्हणाल्या.

ड्रमचं मोठं झाकण दोन वेल्डरनी उघडलं. आतून जे बाहेर आलं त्याला वास म्हणणं म्हणजे कोंबड्यांच्या ट्रकला सुगंध म्हणणं. उंच भागीदार गाळ्याबाहेर गेला आणि बॅनरखाली जाऊन उभा राहिला. एक वेल्डर खोकायला लागला. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

सर एक क्षणच थांबले असतील.

“काही खास बीअरसाठी मुद्दाम आंबट माल्ट वापरतात, तुम्हाला माहीतच असेल,” ते म्हणाले. “आमचा ड्रम तोही करू शकतो.”

मी त्यांच्या धैर्यापुढे आजही मान तुकवते.

बाईंनी एक कागदी डिश मागितली. वडापावसाठी आणल्या होत्या, त्यांतलीच एक मी दिली. त्यांनी ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला, मूठ काढली आणि टेबलावर बसून दाणे मोजायला लागल्या. फुटलेले एकीकडे, न फुटलेले दुसरीकडे. शंभर दाणे मोजायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना नीट कळलं.

“अकरा,” त्या म्हणाल्या. मग स्क्रीनकडे बघितलं. “हा आकडा कुठून येतो?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. शेठ मागच्या केबिनच्या दारात येऊन उभे होते, त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मला दोन-तीन चांगली उत्तरं सुचली होती. मॉडेल, अल्गोरिदम असे शब्द त्यांत होते.

“घड्याळातून,” मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. “आत काय आहे त्याच्याशी संबंध?”

“काही नाही.”

त्यांनी हात धुतले, भागीदाराला हाक मारली आणि गेल्या. वडापाव तसेच राहिले. सर केबिनमध्ये जाऊन फोनवर मोठमोठ्याने बोलायला लागले. पलीकडे कोणी होतं की नाही मला शंका आहे. शेठ माझ्याजवळ आले. मला वाटलं आता नोकरी गेली.

“टाकी गळत नव्हती ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, शेठ.”

“मग साफ करून घ्या,” ते म्हणाले आणि ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला आत गेले.

मास्तर अजून त्याच खुर्चीवर होते. मी दुसरी खुर्ची ओढून बसले. मला राग आला होता, स्वतःचा जास्त, पण स्वतःवर ओरडता येत नाही.

“मास्तर, परवा काकडी म्हणालात तुम्ही. एवढं आंबलेलं होतं. मला येत होता वास.”

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

“मला येत नाही गं,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली. ताप आला होता मोठा, त्यात गेला. परत येईल म्हणाले डॉक्टर. चहाचा येत नाही, जेवणाचा येत नाही. मुलगी विचारते भाजी कशी झाली, मी म्हणतो छान.”

“मग इथे कशाला...”

“तुझ्या शेठने फोन केला तेव्हा काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तुमच्यासारखं नाक कुठे मिळणार. मी काय सांगणार होतो?” त्यांनी झाकण घट्ट बसवलं. “दाणे फुटत नव्हते ते दिसत होतं मला. कधी कधी होतो उशीर. वाटलं एक दिवस आणखी. आंबतंय हे कळलं असतं तर तेव्हाच बोललो असतो. तुला वास येत होता तर तू का नाही बोललीस?”

“स्क्रीनवर सत्तर होते,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझं इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट कुठे ठेवलंय ते आठवायला लागलं. मग ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून. मीही हसले. झाकण उघडं होतं, वास तसाच होता, निदान मला तरी येत होता.

ड्रम साफ करायला पुढचे दोन दिवस लागले. ओली बार्ली जाळीच्या तळाला गोंदासारखी बसली होती. मी, दोन्ही वेल्डर आणि मास्तर असे चौघं फावडी आणि प्रेशरचं पाणी घेऊन भिडलो. मास्तरांना आम्ही आत उतरू नका म्हणालो, पण ते म्हणाले की या कामाला आज माझ्याइतका लायक माणूस इथे कोणी नाही, आणि पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. मावशींनी मोडक्या अगरबत्त्यांचं एक पोतं पाठवलं, “जाळा, नायतर मरतलास” असा निरोप देऊन. सर त्या दोन दिवसांत गाळ्यात फिरकले नाहीत. त्यांनी नेटवर एक लांब पोस्ट लिहिली, अपयश हाच आपला मेंटॉर, असं काहीतरी. सातशे लोकांनी टाळ्या दिल्या. त्यात मीही एक होते. नोकरी करायची असते.

आठवड्याने पवईच्या बाईंचा फोन आला. मला आला, सरांना नाही.

“ड्रम चांगला आहे तुमचा,” त्या म्हणाल्या. “हवा सगळीकडून सारखी फिरत होती, मी हात घालून बघितलं. मला हवाय. पण तो आकडा काढा. तिथे रिकामी चौकट ठेवा. माझा माणूस शंभर दाणे मोजेल आणि स्वतः भरेल. भरल्याशिवाय ड्रम पुढच्या पायरीला जाता कामा नये.”

मी एका दुपारीत ते केलं. एवढं सोपं काम मी त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं. उरलेली बार्ली आम्ही पोत्यांतच पडू दिली, दोन महिने हातही लावला नाही, आणि मग मास्तरांच्या हुकमाने भिजवली. या वेळी चिलर दिवसभर घरघरत होता. मास्तर खिडकीशी उभे राहून शंभर दाणे मोजायचे, पुन्हा मोजायचे. शेवटच्या दिवशी त्र्याण्णव निघाले. मूठ त्यांनी माझ्या नाकाशी धरली.

“सांग,” म्हणाले.

काकडी होती. कोवळी, नुकती सोललेली. मी सांगितलं तसं त्यांनी मान हलवली आणि पेनाने वहीत लिहिलं.

सरांना काही दिवसांनी नवीन माहितीपत्रक छापायचं होतं. रिकाम्या चौकटीचं काय करायचं यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. आता तिला ‘मानवी पडताळणी’ म्हणतात आणि ती असलेला ड्रम साध्या ड्रमपेक्षा वरचा समजला जातो. साधा ड्रम आम्ही बनवतच नाही, पण माहितीपत्रकात आहे. मास्तरांना ड्रम घेणाऱ्यांच्या माणसांना मोजायला शिकवायचं काम मिळालं. नाकाबद्दल त्यांनी शेठना स्वतः जाऊन सांगितलं. शेठ म्हणाले, “मला तरी कुठे चांगलं ऐकू येतं,” आणि विषय संपला.

असे पाच ड्रम गेले आतापर्यंत. सगळ्यांचे आकडे माझ्या स्क्रीनवर येतात. त्यातला एक ड्रम लांब एका तालुक्याच्या गावी आहे. तिथला ऑपरेटर रोज सकाळी चौकट भरतो आणि रोज अठ्ठ्याण्णव भरतो. पहिल्या दिवशी अठ्ठ्याण्णव, चौथ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. मी फोन केला.

“दादा, पहिल्याच दिवशी अठ्ठ्याण्णव कसे येतील?”

“येतात मॅडम. आमचं पाणी चांगलं आहे.”

मी सांगितलं, मोजलेल्या दाण्यांचा फोटो पाठवत जा. दुसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागला. डाव्या कोपऱ्यात अर्धा तुटलेला एक दाणा होता. तो चार दिवस रोज तिथेच, त्याच कोनात. मग मी कळवलं की दाणे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर पसरून फोटो काढायचा, तारीख दिसली पाहिजे. त्याने हे मनावर घेतलं. आता आकडे खरे येतात, एकोणसाठ, ब्याऐंशी, नव्वद. फक्त तो दाणे नेमके राशिभविष्याच्या पानावर पसरतो. कालच्या फोटोत माझ्या राशीवर चाळीसेक दाणे पडले होते, त्यांतून ‘वरिष्ठांशी वाद’ एवढंच वाचता आलं.